गोलातली वाडी

“…पण मग बाबा, या सगळ्यांतलं घेऊ तरी कोणतं?”

रणधीर सकपाळने हा प्रश्न त्या दुपारी पुन्हा एकदा विचारला. पुरीबाबा धुनीतली राख चिमट्याने सारखी करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाबांचं खरं नाव चिद्घनपुरी. ते खोऱ्यातल्या कुणाच्याच जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून पुरीबाबा. घाटाच्या तोंडाशी त्यांचा गोसाव्यांचा मठ होता. रणधीर शाळेत असताना याच मठात राहिला, बाबांच्या हातचं जेवला, आणि बाबांच्या हातचा मारही त्याने खाल्ला. आता तो भूगर्भशास्त्रातला डॉक्टर झाला होता. डोंगर कुठे खचणार हे विचारायला सरकार त्याला बोलवायचं, आणि तो पडद्यावर चित्रं दाखवून इतकं सुरेख सांगायचा की ऐकणारा डोंगर विसरून त्याच्याच तोंडाकडे बघत बसायचा.

हे त्याला ठाऊक होतं. आवडतही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठाच्या सभामंडपात त्याची सभा होती. आदल्या दिवशीच तो लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन आला आणि पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर खोऱ्याचा नकाशा पाडून बसला. बोलता बोलता नकाशावर गोल काढायचे, बाण ओढायचे, त्यासाठी त्याला एक छोटंसं सॉफ्टवेअर हवं होतं. चित्रावर पारदर्शक कागद ठेवावा आणि त्यावर लिहावं, तसं काहीतरी. मशीनला जड न होणारं. असली बरीच त्याने उतरवून घेतली होती आणि आता त्याच्या डोक्याचा भुगा झाला होता.

“म्हातारी माणसं असतात सभेत,” तो म्हणाला. “तुम्हाला दिसलं की सगळ्यांना दिसेल. म्हणून विचारतोय.”

“दाखव,” बाबा म्हणाले.

पहिलं भलंमोठं होतं. त्यात नव्हतं असं काही नव्हतं. ते उघडेपर्यंत धुनीवरचा चहा उकळून खाली उतरला.

“हे नको,” रणधीर स्वतःच म्हणाला.

दुसऱ्यात काढलेली खूण थोड्या वेळाने आपोआप विरून जायची. त्याने बाण काढला, बाण क्षणभर लाल दिसला आणि नाहीसा झाला.

“हे बरं आहे,” बाबा म्हणाले. “बोलणाऱ्याच्या सोयीचं.”

रणधीरला आधी ही स्तुती वाटली. मग ती स्तुती आहे की नाही, हे त्याला कळेना.

तिसऱ्याने भिंतभर अंधार केला आणि मधे उजेडाचा एकच गोळा ठेवला. तो गोळा रणधीर नेईल तिकडे जायचा. त्याने तो हौसेने दोनचारदा इकडून तिकडे फिरवला.

“बाकीचे कुठं गेले?”

“आहेत ना बाबा. फक्त झाकलेत.”

“त्यांना सांगितलंस का तसं?”

रणधीर हसला. बाबा हसले नाहीत.

मग एक भिंग निघालं. ते नकाशावर ठेवलं की खालचं सगळं फुगून मोठं व्हायचं. त्याने ते डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर धरलं. कौलारू घरांचे चौकोन टरारून वर आले.

“वाडी मोठी झाली,” बाबा म्हणाले. “माणसं काही दिसेनात.”

“नकाशात माणसं नसतात, बाबा.”

“हो का…”

बाबा “हो का” म्हणाले की रणधीरच्या पोटात खड्डा पडायचा. तो शाळेपासूनचा होता. डॉक्टर होऊनही तो भरला नव्हता.

बाहेर अंगणात एक कोंबडी कलकलली आणि कुणीतरी तिला हाकललं. ओल्या लाकडांचा धूर पडवीत शिरत होता. खोऱ्यातल्या आंबेटेप वाडीची माणसं रणधीरच्या गेल्या सभेपासून तिथेच होती. गोणपाटं बांधून, तीन दगडांच्या चुली मांडून, घरदार सोडून येऊन राहिली होती. श्रावणातली उघडीप होती म्हणून निभत होतं.

रणधीर येताना त्यांच्यामधूनच आला होता. मान खाली घालून, भरभर.

“याआधी कोणतं वापरत होतास?” बाबांनी विचारलं.

“होतं एक.”

“त्याचं काय झालं?”

“ते… आता जुनं झालं.”

बाबांनी चिमटा बाजूला ठेवला.

“ताकाला आलायस,” ते म्हणाले. “भांडं कशाला लपवतोस?”

रणधीर लॅपटॉपच्या कळांवर उगाच बोटं आपटत राहिला.

लपवण्यासारखं होतंच. गेल्या सभेत त्याने खोऱ्याचे दोन नकाशे दाखवले होते. पहिल्यावर बाऊलकोंड या दुसऱ्या वाडीभोवती लाल गोल काढला, कारण बाऊलकोंडाच्या डोक्यावरच्या उताराला भेग गेली होती आणि तिच्यात माणसाचा हात कोपरापर्यंत जात होता. मग त्याने पुढचा नकाशा आणला. खालचा नकाशा बदलला, पण वरचा गोल होता तिथेच राहिला, कारण तो नकाशावर नव्हताच, तो नुसता पडद्यावर होता. आणि नव्या नकाशात त्या जागी आंबेटेप आलं होतं. गोल पुसायची कळ वेगळी असते, ती दाबायची राहिली.

रणधीर तेव्हा लोकांकडे तोंड करून बोलत होता. “या लाल गोलातली वस्ती ताबडतोब हलवा,” तो म्हणाला. वाडीचं नाव त्याने घेतलं नाही. पडदा बोलत असताना माणसाने तेच पुन्हा तोंडाने बोलणं त्याला अडाणीपणाचं वाटायचं.

झालं! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. धडधाकट कातळावर बसलेलं आंबेटेप घरं सोडून मठात आलं आणि भेगेखालचं बाऊलकोंड ढोलकी घेऊन भजनाला बसलं. कागदी अहवालात नाव बरोबर होतं, पण अहवाल अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होता. लोक चालतात ते पाहिलेल्यावर.

हे रणधीरला कालच कळलं होतं, सभेचा कुणीतरी काढलेला फोटो मोबाईलवर आला तेव्हा. फोटोत तो स्वतः फार छान दिसत होता. त्याच्या मागे गोल होता.

तेव्हापासून त्याला जेवण गेलं नव्हतं. आणि तेव्हापासूनच तो नवनवी सॉफ्टवेअरं उतरवत सुटला होता.

“मला एवढंच सांग,” बाबा म्हणाले. “तू खूण करतोस ती नेमकी बसते कुठं? नकाशावर?”

“नाही. नकाशाच्या वर. मधे एक काच आहे असं समजा.”

“म्हणजे खालचं हललं तर?”

रणधीरने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. “तर… काच तिथंच राहते.”

बाबा उठले. गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश. मठाची पडवी एका भाविकाने पावसाचा मारा चुकावा म्हणून काचांनी बंद करून दिली होती, आणि त्या काचांतून सगळं खोरं दिसायचं. बाबांनी धुनीतली चिमूटभर राख तळहातावर घेतली, तीत थेंबभर पाणी टाकलं आणि काचेपाशी जाऊन बोटाने एक गोल काढला.

“गोलात काय आहे?”

रणधीरने बसल्या जागेवरून पाहिलं. “आंबेटेप.”

“हो का… मला तर बाऊलकोंड दिसतं.”

“तुम्ही उभे आहात तिथून दिसत असेल.”

“मग गोलात कोण आहे?”

रणधीर उठून बाबांच्या शेजारी गेला. खरंच, तिथून गोलात बाऊलकोंड होतं. एक पाऊल सरकला, तर गोलात नुसतं शेत आलं. आणखी सरकला, तर आंबेटेप. तो पुन्हा मागे आला, पुन्हा पुढे गेला. पडवीत त्याची अशी येरझार चालली होती आणि बाबा हाताची राख धोतराला पुसत उभे होते.

आणि मग त्याचा चेहरा उजळला. अशा वेळी हुशार माणसाचा उजळतो तसाच.

“कळलं बाबा! खूण काचेवर नकोच. खूण वस्तूवर हवी. नकाशा सरकला की तीही सरकली पाहिजे. असलं एक आहे माझ्याकडे, मी ते उघडूनच पाहिलं नव्हतं.”

तो धावत लॅपटॉपपाशी गेला. ते सॉफ्टवेअर खरोखर हलकं होतं, कळ दाबताच उघडलं. त्याने बाऊलकोंडाभोवती गोल काढला. नकाशा डावीकडे सरकवला, गोलही सरकला. लहान केला, तर गोलही लहान झाला. पुढच्या नकाशावर गेला, तर गोल मागच्या नकाशाबरोबर निघून गेला. जसा हवा तसा, जिथे हवा तिथेच.

“सापडलं,” रणधीर म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. “उद्या आता चूक व्हायची नाही.”

“छान आहे,” बाबा म्हणाले.

रणधीर वाट बघत राहिला. बाबांचं “छान आहे” सहसा तिथे संपत नसे.

“आणि ही बाहेरची माणसं…” बाबांनी अंगणाकडे हनुवटी केली. “ही कोणत्या गोलाला चिकटून इथं आली?”

भिंतीवर गोल स्वच्छ, स्थिर उभा होता.

मग रणधीरने सांगितलं. फोटो दाखवला. सांगताना एकदा “तांत्रिक अडचण” म्हणाला आणि बाबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर “माझी चूक” म्हणाला.

बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“त्यांना सांगितलंस?”

“उद्या सांगणारच आहे. सभेत. नीट, पडद्यावर, दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून. नुसतं तोंडाने सांगितलं तर गोंधळ होईल, बाबा. काल एक वाडी, आज दुसरी. लोक म्हणतील, या माणसाला काही समजत नाही.”

“समजतं का?”

“डोंगराचं समजतं.”

बाबा मान डोलवत पुन्हा धुनीपाशी बसले. रणधीरला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं, निदान पुढे काय करायचं ते तरी कळलं असतं.

तेवढ्यात दारात अनुसया शिगवण येऊन उभी राहिली. आंबेटेपच्या बायकांमध्ये पुढे होऊन बोलणारी तीच. पदराला हात पुसत ती आत डोकावली.

“साह्यब, उद्या सांगताव न्हवं, घराकडं कवा जायचं ता? म्हस इलायला झालीय माजी, रेडकू कवाबी यील. शेजारणीचं पोर रोज तिकडं जाऊन तिला पानी दावतंय, पन पोराच्यान काय व्हनार?”

“उद्या सांगतो,” रणधीर म्हणाला. “उद्या सगळं नीट सांगतो.”

“चालंल.” ती वळली, आणि काही आठवल्यासारखी थांबली. “तसा जिवाला घोर न्हाय आता. म्हाताऱ्या सासूला आनि नातवाला बाऊलकोंडात धाडलंय, लेकीकडं.”

रणधीरने वर पाहिलं.

“बाऊलकोंडात?”

“तिकडं तुमचा गोल न्हवता ना! आमच्यातल्या समद्यांनी म्हातारीकोतारी आनि बारकी पोरं तिकडंच धाडल्यानी. हितं उगड्यावर कुटं ठेवायची? पाऊस फिरून आला तर?” ती हसली. “तुमचं लय उपकार झालं साह्यब. तुमी न्हाय दावलं असतं तर आमाला काय कळत व्हतं?”

आणि ती गेली. चुलीवर काहीतरी उतू चाललं होतं.

रणधीर होता तिथेच उभा राहिला.

पाऊस परवापासून पुन्हा जोर धरणार होता, तसा संदेश सकाळीच आला होता. परवापासून म्हणजे उद्या रात्रीपासूनही असू शकतं. आणि भेगेला तर पावसाचीही गरज नव्हती, तिच्यात आधीच पुरेसं पाणी मुरलं होतं. हे सगळं त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आता सांगावं, तर सांजवेळी नुसती पळापळ होईल. शिवाय सांगणार कोण, तर ज्याने आधी उलटं सांगितलं तोच. विश्वास कोण ठेवील? उद्या सकाळी सांगावं, तर पडदा असेल, तहसीलदार असतील, गोल नेमका असेल, कुणाला शंका राहणार नाही. एका रात्रीने काय होतं? आणि एका रात्रीत काय होत नाही? तो एका विचाराशी जायचा, तिथून दुसरा दिसायचा, आणि दुसऱ्याशी गेला की पहिलाच खरा वाटायचा. त्याला शरम वाटत होती आणि भीती वाटत होती, आणि यातली कोणती कशाची हे त्याला सांगता आलं नसतं.

“बाबा…”

“हं.”

“काय करू?”

“दमलायस तू,” बाबा म्हणाले. “आजचा मुक्काम कुठं?”

रणधीर गोंधळला. “इथंच. मठात.”

“इथं नको. गर्दी आहे. पोरं रात्री रडतात, झोप लागायची नाही तुला.” बाबांनी धुनीत एक ओंडका सारला. “बाऊलकोंडात जा. अंधार पडायच्या आत पोचशील. अनुसयेची लेक चांगली आहे, कोनाड्याजवळ अंथरूण टाकून देईल. म्हातारी आहे, नातू आहे. त्यांच्यात नीज. सकाळी उठून सभेला ये.”

“बाऊलकोंडात?”

“का? शांत जागा आहे. भजन ऐकशील.”

“बाबा, तिथं कसं झोपायचं?”

“डोकं उशीवर ठेवून.”

“अहो, तसं नाही…”

“मग कसं?”

“तिथं…” रणधीरचा आवाज फाटला. “तिथं कसा झोपू मी? डोक्यावर अख्खा उतार सुटत आलाय त्या वाडीच्या! भेगेत हात जातो माझा, बाबा! आजची रात्रसुद्धा तिथं कुणी काढता कामा नये! म्हातारी नाही, पोर नाही, कुणी म्हणजे कुणी नाही! बाऊलकोंड आत्ताच्या आत्ता रिकामं झालं पाहिजे!”

अंगणातली भांडी वाजायची थांबली.

मग बायकांची कुजबूज थांबली. कोंबड्यासुद्धा थांबल्यासारखं वाटलं. अनुसया दारात परत आली होती. तिच्या हातात पळी होती आणि पळीतून पेज तिच्या पायावर सांडत होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्यामागे आणखी माणसं येऊन उभी राहत होती. सगळी रणधीरकडे बघत होती, आणि त्याच्या मागे भिंतीवर नकाशा लख्ख पडलेला असून त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

रणधीरने तोंडावर हात ठेवला. मग तो काढला. वळून त्याने बाबांकडे पाहिलं, काय करायचं ते त्यांनी तरी सांगावं म्हणून.

पुरीबाबा धुनीशेजारी आपली घोंगडी अंथरत होते.

“मला कशाला ओरडून सांगतोस?” ते म्हणाले. “मी तर इथंच झोपणार आहे.”